चुलीची राख, परळीची राख

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातून एक युनिट वीज बाहेर पडते, तेव्हा मागे साधारण पाव किलो राख उरते. हिशेब सोपा आहे. एका युनिटसाठी ७०० ग्रॅमच्या आसपास कोळसा जळतो आणि आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४५ टक्के भाग न जळणाराच असतो. २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर ६० लाख युनिट वीज तयार होते आणि त्यासाठी सुमारे ४,२०० टन कोळसा लागतो. राख त्याच्या एक तृतीयांश धरली, तरी दिवसाला १,४०० टन झाली. असे तीन संच आज परळीत आहेत. १९७१ साली ३० मेगावॅटच्या छोट्या संचाने सुरू झालेल्या या केंद्राने अर्ध्या शतकात किती राख साठवली असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

याच गावात वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग आहे. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या देवळाच्या पायऱ्या चढणारे भाविक कपाळाला भस्म लावतात. ते गोवरीचे असते. परळी ज्या बीड जिल्ह्यात आहे, तिथल्या खेड्यापाड्यांत चूल अजून पूर्ण विझलेली नाही. तिच्यात पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या जळतात आणि त्यांची राख उकिरड्यावर किंवा परसात जाते. ऊस तोडायला गेलेल्या कुटुंबांच्या कोप्यांपुढे तीन दगडांच्या चुलीत उसाचे पाचट पेटते, त्याची राख आणखी वेगळी. तेलगाव किंवा गढीच्या साखर कारखान्याचे बॉयलर बगॅसवर चालतात, त्यांचीही राख निघते. दिसायला सगळ्या करड्या असल्या, तरी रसायनशास्त्राच्या नजरेने यांतल्या काही राखा परस्परांपासून इतक्या दूर आहेत, की एकीचे काम दुसरीला सांगितले तर नुकसानच होते.

जाळ म्हणजे काय, इथून सुरुवात करू. झाडाचे नव्वद टक्क्यांहून अधिक कोरडे वजन कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे असते. हे तिन्ही झाडाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेले असतात, त्यामुळे जाळ लागला की कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन ते हवेत परत जातात. नायट्रोजन आणि बहुतेक गंधकही उडून जाते. मागे राहते ते मुळांनी जमिनीतून उचललेले: कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस, सिलिका, थोडे लोह आणि मँगनीज. चांगल्या वाळलेल्या लाकडात हा भाग शेकडा एक-दोन भरतो. पऱ्हाटीत त्याहून जास्त असतो. गोवरीत तर वीस टक्क्यांच्याही वर जातो, कारण गवत-कडब्यातली सिलिका जनावराला पचत नाही, ती शेणात तशीच उतरते आणि गोवरी थापताना मातीही मिसळते. म्हणून गोवरीची राख भरपूर निघते आणि बोटांना किंचित खरखरीत लागते. दात घासायची राखुंडी याच राखेची असे, आणि ती दात पांढरे करी ते याच खरखरीमुळे. रोज जोर लावून घासल्यास तीच खरखर दाताचे कवचही झिजवते, हे दंतवैद्य सांगतात ते खरे आहे.

भांडी घासताना मात्र नुसती खरखर कामाला येत नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात सहज विरघळते आणि पाणी चांगलेच अल्कधर्मी होते. पातेल्याला लागलेल्या तेला-तुपाशी हा अल्क गाठ घालतो, तेव्हा तेलाचा काही भाग चक्क साबणात बदलतो. नारळाच्या शेंडीला राख लावून खरकटी कढई घासणारी बाई, त्या घटकेला, कढईतच थोडासा साबण तयार करत असते. हात राठ होतात तेही यामुळेच. कातडीवरची नैसर्गिक तेलेही त्या साबणात जातात.

राखेचा हा गुण घरात तपासता येतो. मूठभर लाकडी राख पेलाभर पाण्यात ढवळून निवळू द्यावी, वरच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकावी. पिवळा रंग पालटून तांबूस होतो. हळदीतले कर्क्युमिन अल्कात लाल होते. चुना लागला की हळद लाल होते ती याच नियमाने. पावसाळ्यात डब्यातली राख सर्दावून गोळे धरते, हीदेखील पोटॅशियम कार्बोनेटचीच खूण आहे. हवेतला ओलावा ते ओढून घेते.

या साध्या राखेवर एके काळी जगाचे मोठमोठे धंदे चालत. काच, साबण, कापडाचा विरंजन-उद्योग, बंदुकीची दारू या सगळ्यांना अल्क लागे आणि तो जंगले जाळून मिळवला जाई. अमेरिकेने पहिले पेटंट ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युअल हॉपकिन्स यांना दिले, ते राखेपासून पोटॅश काढण्याच्या सुधारित पद्धतीसाठी. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये पोटॅशच्या वितळलेल्या अल्कातून वीज सोडली आणि पोटॅशियम हा धातू प्रथमच वेगळा झाला.

आपल्याकडे मात्र या विषयावरचे सर्वांत सूक्ष्म लेखन कारखानदाराचे नाही, शल्यवैद्याचे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षार कसा करावा याला वाहिलेला आहे. पळस, आघाडा यांसारख्या वनस्पती जाळायच्या, राख पाण्यात कालवून पुन्हा पुन्हा गाळायची, निवळी आटवायची. एवढ्यावर सौम्य क्षार मिळतो. तो तीव्र करायचा असेल तर चुनखडी आणि शिंपले तापवून लाल करायचे आणि त्या निवळीत विझवायचे. इथे जे घडते ते आजच्या भाषेत असे मांडता येते: तापलेल्या चुनखडीची कळी होते, ती पाण्यात चुना बनते, चुना पोटॅशियम कार्बोनेटशी अदलाबदल करतो, कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि वर उरतो तो पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे दाहक पोटॅश. हा क्षार लोखंडी भांड्यात ठेवावा असेही तिथे सांगितले आहे. तीव्र अल्काला लोखंड पुरून उरते, हे ज्याने लिहिले त्याने ते हाताने पाहिले असले पाहिजे. क्षाराने भाजल्यावर आंबट पदार्थ लावला की दाह का शमतो, याचीही चर्चा त्या अध्यायात येते. आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात, हे निरीक्षण इतक्या स्पष्टपणे इतक्या जुन्या काळी नोंदलेले पाहून आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या क्षारप्रकरणाची आवर्जून दखल घेतली.

आघाड्याच्या राखेचा क्षार आजही वापरात आहे. भगंदरावरच्या क्षारसूत्राच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाबरोबर आणि हळदीबरोबर त्याचे थर चढवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत या उपचाराची शस्त्रक्रियेशी तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारसूत्राने जखम भरायला वेळ अधिक लागतो, पण दुखणे उलटण्याचे प्रमाण कमी राहते, असे त्यात आढळले. बीडच्या बांधाबांधावर माजणारा आघाडा गणपतीच्या पत्रीपलीकडे फारसा कुणाच्या लक्षात नसतो, म्हणून एवढे सांगितले.

धान्य साठवण्यातला राखेचा वापरही तितकाच शहाणपणाचा आहे. मूग, मटकी, तूर यांच्या बियाण्याला राख चोळून ते मडक्यात किंवा कणगीत भरायची रीत मराठवाड्यात सर्वत्र होती. सोंडा किंवा भुंगेरा यांच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, तो शरीरातले पाणी आत धरून ठेवतो. राखेतले बारीक कण हा थर खरवडतात, काही प्रमाणात तो शोषूनही घेतात, आणि कीडा कोरडा पडून मरतो. शिवाय दाण्यादाण्यांमधली पोकळी राखेने भरली की किड्याला हलायला आणि जोडीदार शोधायला जागा उरत नाही. इथे अल्क फार महत्त्वाचा नाही, सिलिका महत्त्वाची. म्हणून याला गोवरीची राख लाकडाच्या राखेपेक्षा सरस ठरते, आणि घरोघरच्या म्हाताऱ्या बायका नेमकी तीच निवडत.

शेतात राख टाकण्याच्या बाबतीत मात्र कोकणचे शहाणपण बीडला जसेच्या तसे लागू पडत नाही. कोकणात भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमिनीवर पालापाचोळा, गवत, शेणी पसरून राब भाजतात. तिथली जांभ्यावरची लाल जमीन आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेली. राखेने तिचा आम्लपणा कमी होतो, कॅल्शियम-पोटॅश मिळते आणि तणाचे बीही जळते. बीडची काळी जमीन बेसाल्टची झीज होऊन बनली आहे. ती आधीच अल्कधर्मी, ठिकठिकाणी चुनखडीच्या खड्यांनी भरलेली. अशा जमिनीत वर्षानुवर्षे लाकडी राखेचे ढीग एकाच जागी टाकले तर तिचा सामू आणखी चढतो, जमिनीत भरपूर असलेले लोह मुळांना उचलता येत नाही, आणि मोसंबीची किंवा भुईमुगाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. पातळ पसरून, शेणखतात कालवून टाकली तर ती चांगली. एकवट ओतली तर बाधते.

यातच एक विसंगती दडली आहे, आणि ती डोळ्यांआड करण्यासारखी नाही. भारत पोटॅश खत जवळजवळ सगळे परदेशातून आणतो. त्याच वेळी ऊस जमिनीतून पोटॅशियम हावऱ्यासारखा ओढतो. ते रसात उतरते, साखरेत न जाता मळीत साचते, मळीपासून मद्यार्क काढला की डिस्टिलरीच्या सांडपाण्यात येते. पूर्वी हे गडद तपकिरी सांडपाणी म्हणजे केवळ डोकेदुखी होती. आता ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात आणि जी राख मिळते तिच्या दाण्यांना खत म्हणून मान्यता आहे. त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असावे लागते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने या खताला अनुदानाच्या योजनेत आणले. उसाने नेलेले पोटॅश राखेच्या वाटेने उसाच्या शेतात परत येण्याची ही सोय आहे. शेतातच पाचट पेटवणाऱ्याला वाटते की राखेतून सगळे परत मिळाले. पोटॅश आणि स्फुरद मिळते हे खरे, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे गेलेले असतात, आणि मराठवाड्याच्या जमिनींना सर्वांत मोठी वाण आज सेंद्रिय कर्बाचीच आहे.

आता परळीकडे वळू.

कोळसाही मुळात झाडच. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलीतले. पण भारतातल्या गोंडवाना कोळशाच्या वाट्याला एक गोष्ट विशेष आली: वनस्पतींच्या थरांत नद्यांनी वाहून आणलेली चिकणमाती आणि रेती इतकी बारीक मिसळली, की धुऊनसुद्धा ती पूर्ण वेगळी होत नाही. झाडाच्या स्वतःच्या पोटॅशचा या कोळशात मागमूस फारसा उरलेला नाही. म्हणजे परळीच्या राखेत जे आहे, ते झाडाच्या मुळांनी उचललेले नाही, नदीने आणून टाकलेले आहे.

केंद्रात कोळसा दळून पिठासारखा बारीक करतात आणि हवेच्या झोताबरोबर भट्टीत सोडतात. तिथे ज्वाळेचे तापमान १,३०० ते १,५०० अंशांच्या घरात असते. चूल या मानाने थंडच म्हणायची, ती सातशे-आठशेच्या आसपास घुटमळते. ज्वाळेत कोळशाचा कण दोन-तीन सेकंदच राहतो, पण तेवढ्यात त्यातला कर्ब जळून जातो आणि मातीचा अंश वितळतो. वितळलेला थेंब पृष्ठताणाने गोल होतो, आणि धुराबरोबर पुढे जाताना झटकन थिजतो. स्फटिक बनायला त्याला सवड मिळत नाही, म्हणून तो काच बनतो. सूक्ष्मदर्शकाखाली परळीची राख पाहिली तर काचेच्या गोट्यांचा सडा पडल्यासारखी दिसते: काही गोटे एका मायक्रॉनहून लहान, काही शंभर मायक्रॉनचे, काही पोकळ. वायू आत अडकून फुगलेले हे पोकळ गोटे पाण्यापेक्षा हलके असतात, राखेच्या तळ्यावर तरंगतात आणि रंग, हलके काँक्रीट, तेलविहिरींचे सिमेंट अशा कामांसाठी चांगल्या भावाने विकले जातात.

एकूण राखेपैकी साधारण ऐंशी टक्के अशी उडती राख असते, उरलेली भट्टीच्या तळाशी ढेकळांच्या रूपात पडते. उडती राख चिमणीतून बाहेर जाऊ नये म्हणून धूर विद्युत अवक्षेपकातून नेतात. हजारो व्होल्टच्या तारांजवळून जाताना कणांना विद्युतभार मिळतो, ते समोरच्या पत्र्यांना चिकटतात, पत्र्यांवर ठरावीक वेळाने हातोडे पडतात आणि राख खालच्या नरसाळ्यांत कोसळते. यंत्रणा नीट चालली तर ९९ टक्क्यांहून जास्त राख इथेच अडते.

या राखेत निम्म्याहून अधिक सिलिका, साधारण पाव हिस्सा अॅल्युमिना, थोडे लोहाचे ऑक्साइड आणि कॅल्शियम अगदी बेताचे. पोटॅशियम आहे, पण काचेत कोंडलेले. पाण्यात ते उतरत नाही. त्यामुळे परळीची राख भांड्याचे तेल काढत नाही, आणि चुलीच्या राखेची आठवण ठेवून ती खत म्हणून शेतात ओतणाऱ्याच्या हाती पोटॅश लागत नाही. हलक्या-भारी जमिनीचा पोत सुधारण्यासाठी तिचा काही उपयोग होतो, पण तो माती परीक्षण करून, मोजून.

मग ही काच कशाच्या कामाची? उत्तर चुन्याजवळ आहे.

नुसता चुना भिंतीत लावला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. पाण्याखाली किंवा जाड भिंतीच्या पोटात त्याला हवा मिळत नाही, तिथे तो वर्षानुवर्षे मऊच राहतो. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावाची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली तर गिलावा पाण्याखालीही दगड बनतो, हे रोमन गवंड्यांना कळले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उभारलेल्या रोमच्या पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट पोलादाच्या एकाही सळईशिवाय अजून उभा आहे. आपल्याकडे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी थंडावले. गवंड्यांनी त्यावर उपाय काढला तो सुर्खीचा. भाजलेल्या विटांचा चुरा चुन्यात घालायचा, बैल जुंपलेल्या घाणीत दगडी चाकाखाली मळायचा, वर गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, डिंक असे काहीबाही गावोगावच्या रीतीप्रमाणे. धारूरच्या किल्ल्यासारख्या बांधकामांत दगड चुन्याने सांधलेले दिसतात; त्या परंपरेतली ही पाककृती. ज्वालामुखीची राख, सुर्खी आणि परळीची राख या तिघींत एक समान धागा आहे. तिन्हींतली सिलिका उष्णतेने विस्कटलेली आहे, तिचे अणू स्फटिकाच्या शिस्तीत बसलेले नाहीत. नदीच्या वाळूतली सिलिका रांगेत घट्ट बसलेली असते, चुना तिला हात लावू शकत नाही. विस्कटलेल्या सिलिकेशी मात्र चुना आणि पाणी संयोग पावतात आणि कॅल्शियम सिलिकेटचा चिकट, पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार होतो. काँक्रीटला ताकद देतो तो हाच.

आधुनिक सिमेंटमध्ये ही गोष्ट आणखी सुरेख जुळते. सिमेंटला पाणी लागले की हा चिकट पदार्थ बनतो, पण त्याबरोबर बराच चुनाही मोकळा होतो. तो दुबळा दुवा. पाण्यात झिरपून जातो, छिद्रे ठेवतो, भिंतीवर पांढरे डाग आणतो. राख मिसळलेली असेल तर ती हा मोकळा चुना खाऊन त्याचाही चिकट पदार्थ करते आणि छिद्रे भरते. घरबांधणीसाठी दुकानात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटच्या पोत्यात भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख चालते. ही भेसळ आहे असे अजूनही अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. सिमेंटचा क्लिंकर चुनखडी १,४५० अंशांपर्यंत तापवून होतो आणि त्यात चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो, इंधनाचा वेगळाच. राखेने जेवढा क्लिंकर वाचतो, तेवढा हा बोजा टळतो. महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. सह्याद्रीतल्या घाटघर जलविद्युत प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, भारतातली या तंत्राची पहिली, आणि त्यांच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा उडती राखच जास्त आहे.

परळीच्या आसपास राखेचा सगळ्यांना दिसणारा उपयोग विटांचा आहे. तो दोन तऱ्हांनी होतो. लाल विटेच्या भट्टीवाले काळ्या मातीत राख मिसळतात. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. तिची नुसती वीट पाडली तर उन्हात तडे जातात. राख फुगत नाही, आक्रसत नाही, तिच्यामुळे वीट सावरते. राखेत उरलेला थोडा न जळलेला कर्ब भाजताना विटेच्या पोटात जळतो आणि इंधन वाचते. दुसरी वीट भट्टीत जातच नाही. राख, खडीची कच आणि सिमेंट, किंवा चुना आणि जिप्सम, एकत्र करून यंत्राने दाबतात आणि दोन-तीन आठवडे पाणी मारतात. गोदावरी-सिंदफणेच्या काठची सुपीक माती त्यासाठी उकरावी लागत नाही. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांभोवती विटांत राख वापरणे बंधनकारक केले, तेव्हा तिचा घोषित हेतू विटांसाठी होणारे वरच्या मातीचे खोदकाम रोखणे हाच होता.

इतकी उपयोगी वस्तू जवळच्या गावांना मात्र शाप वाटावी, याला कारणे आहेत. कोरडी राख सायलोतून बंद बल्करमध्ये भरून सिमेंट कारखान्याला गेली तर ती माल असते. पाण्यात कालवून नळाने दादाहरी वडगावच्या राख तलावात सोडली, तिथे उन्हाने वाळली, आणि ताडपत्रीविना हायवा ट्रकातून रस्त्याने निघाली, की ती पिकांवर, विहिरींवर, अंगणात वाळत घातलेल्या धान्यावर बसते. तिचे दहा मायक्रॉनहून लहान कण श्वासाबरोबर छातीत उतरतात, अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. काही कणांत स्फटिकरूप सिलिका असते. आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, सेलेनियम यांचे अंशही असतात, ते वितळलेल्या गोट्यांच्या पृष्ठभागावर थिजलेले, म्हणजे पाण्याला सहज भेटणारे. तळ्याला अस्तर नसेल तर त्यांचा काही भाग झिरपू शकतो. काँक्रीटमध्ये किंवा विटेत हेच अंश कोंडून राहतात. राख तीच, पण बंद बल्करमधून जाते की उघड्या ट्रकातून, यावर शेजारच्या गावाचे आयुष्य ठरते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रांना तीन वर्षांच्या चक्रात शंभर टक्के राख वापरात आणण्याचे बंधन घातले आणि न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये भरपाई ठेवली. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला परळीच्या राखेचा बेकायदा उपसा आणि वाहतूक यांची चर्चा राज्यभर झाली. राखेला बाजारभाव आला, तसा तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांचा जोरही आला. धूळ खाणाऱ्या गावकऱ्यांना त्या भावातून काय मिळाले, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

या सगळ्याला पाणी लागते, आणि बीडमध्ये पाणी हीच अडचण. फेब्रुवारी २०१३ मध्ये गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातले पाणी संपल्यामुळे परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते; २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच वेळ आली. राख कालवून तळ्यात सोडण्याची जुनी पद्धत त्यामुळे इथे दुहेरी महाग पडते: पाणीही जाते आणि ओली राख सिमेंटच्या कामाचीही राहत नाही.

घर बांधणाऱ्यालाही हा हिशेब चुकत नाही. राखेची चुन्याशी होणारी जुळणी सावकाश चालते. नुसत्या सिमेंटचे काँक्रीट सातव्या दिवशी जेवढी ताकद दाखवते, तेवढी राखेचे काँक्रीट दाखवत नाही. ओलावा टिकला तर २८ दिवसांत ते अंतर बरेच कमी होते आणि पुढेही महिनोन्‌महिने ताकद वाढत राहते. काँक्रीट मध्येच सुकले की ही क्रिया तिथेच थांबते आणि राखेचा बराच भाग नुसती भरड म्हणून पडून राहतो. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायला सांगते, राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस, आणि ते चौदापर्यंत वाढवावेत अशी शिफारस करते. आष्टी, पाटोदा, शिरूरच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या पाण्यावर स्लॅब पडतो, तेव्हा गवंडी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पाणी थांबवतात. कमी पाण्यात चौदा दिवस काढायचे उपाय आहेत: स्लॅबवर वाळूचे वाफे बांधून बोटभर पाणी साठवायचे, खांबांना भिजवलेले गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिकचा कागद लपेटायचा म्हणजे दिवसातून चारदा पाणी मारावे लागत नाही, उन्हाच्या बाजूची भिंत आधी झाकायची, आणि शक्य असेल तर स्लॅब मृगानंतर टाकायचा.